डावीकडचा ग्लास

नवऱ्याला अर्धांगाचा झटका आल्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी त्याच्याकडे जायची आणि मग शोकेसकडे. आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या शोकेसमध्ये बाहुल्या नाहीत, ट्रॉफ्या नाहीत, व्हिस्कीच्या बाटल्या आहेत. लोक चहा पिता पिता त्या मोजायचे. मी बिस्किटं आणायला आत गेले की कुजबुज व्हायची आणि मी बाहेर आले की थांबायची. नात्यातल्या एक बाई तर जिना उतरता उतरता म्हणाल्या, "एवढी ढोसल्यावर दुसरं काय होणार." मी दारातच उभी होते हे त्यांना माहीत होतं. मी दार लावून घेतलं, जरा जोरातच.

डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, रक्तदाब. गोळ्या टाळल्या होत्या त्याने, आणि खाडीकाठी वाढलेल्या माणसाचा सुक्या मासळीतल्या मिठाचा हट्ट. एकेक बाटली आम्हाला वर्षभर पुरायची. पण हे कुणाला समजावत बसणार? लोकांना कारण हाती लागलं की बरं वाटतं, म्हणजे तेवढं आपण टाळलं की आपल्याला काही होणार नाही. माझ्या घरातल्या बाटल्या बघून सगळा जिना निर्धास्त झाला.

आम्ही दारू पीत नव्हतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण आम्ही जे करायचो त्याला नुसतं पिणं म्हणणं म्हणजे गाण्याच्या बैठकीला जाणारा माणूस सतरंजीवर बसायला जातो म्हणण्यासारखं आहे. रविवारी जेवणाआधी, भाताचा कुकर लावला की आम्ही टेबलाशी बसायचो. दोन वेगवेगळ्या व्हिस्की, प्रत्येकी दोन चमचे, वर औषधाच्या ड्रॉपरने पाण्याचे थेंब. आणि मग वाद. वाद हाच खरा कार्यक्रम होता.

सुरुवात मुलीमुळे झाली. ती पहिल्यांदा कंपनीच्या कामासाठी परदेशी गेली तेव्हा येताना विमानतळावरून बाबांसाठी एक बाटली घेऊन आली, स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची, धुरकट वासाची. त्याने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाला, "ही आमच्या घरामागची गल्ली हाय गो." त्याचं घर ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात. घरामागे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, खाली कुणीतरी काट्याकुट्याची चूल पेटवलेली. मी वास घेतला तर मला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं टिंक्चर आयोडिनचं कपाट आठवलं. मी रसायनशास्त्र शिकवायचे, आणि माझ्या माहेरी मासळी सोडा, कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. आमच्यात बोंबील की आयोडिन यावरून अशी जुंपली की कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे कळलंच नाही. भाताचा लगदा झाला. तो आम्ही खाल्ला आणि तेव्हापासून दर रविवारी हेच.

नियम मी केले. मास्तरीण असल्यावर दुसरं काय होणार. कंपन्यांचे शब्द वापरायचे नाहीत. व्हॅनिला, ओक, टॉफी, हे बाटलीच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, ते वाचून कुणीही पोपटपंची करील. आपण जे आयुष्यात हुंगलंय तेच बोलायचं. त्याने एकदा एका अमेरिकन व्हिस्कीला "उन्हात तापलेलं बसचं सीट" म्हटलं होतं. तो खोपटच्या बस डेपोत कार्यशाळेत होता, त्याला उन्हातल्या रेक्झिनची पारख होती. मी एकीला "गुळाची ढेप उचलल्यावर उरलेलं पोतं" म्हटलं, तर त्याने ग्लास खाली ठेवून मला हात जोडले. दुसरा नियम, कुठल्या ग्लासात काय आहे हे चाखणाऱ्याला कळता कामा नये. एकाने स्वयंपाकघरात ओतायचं, दुसऱ्याने बाहेर बसायचं. आणि तिसरा, माझा लाडका: एकदा उत्तर बरोबर आलं की लगेच टाळ्या पिटायच्या नाहीत. ग्लासांच्या जागा बदलायच्या आणि पुन्हा विचारायचं. माणूस पहिल्या घोटाला भुलतो, रंगाला भुलतो, समोरच्याच्या चेहऱ्याला भुलतो. जागा बदलूनही उत्तर तेच आलं तर ते खरं. तो वैतागायचा. "परीक्षेला बसवलंयस का मला," म्हणायचा. पण जागा बदलल्या तरी तो चुकत नसे. त्याचं नाक असं होतं की मला अभिमानही वाटायचा आणि रागही यायचा.

मग तो दिवस. दाढी करता करता त्याच्या हातातलं रेझर बेसिनमध्ये पडलं आणि मी हाक मारली तर त्याने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात आणि पाय गेले, वाचा गेली. पायात पुढे थोडी ताकद आली, धरून चार पावलं टाकता येऊ लागली. वाचा मात्र परत आली ती एकच शब्द घेऊन. "तेच."

चहा तेच. औषध तेच. मुलगी आली तरी तेच, खिडकीवर कबुतर बसलं तरी तेच. मला बघून तेच. तो काहीतरी वेगळं म्हणायला निघायचा, डोळ्यांत ते दिसायचं, आणि तोंडातून तेवढंच बाहेर पडायचं. एकाच भट्टीतल्या दोन पिंपांमधला फरक सांगणारा माणूस. पहिल्या महिन्यात तो शब्द ऐकला की त्याला स्वतःलाच रडू फुटायचं. पुढे पुढे त्याचं रडणं थांबलं, आणि ते मला जास्त लागलं. आपल्याला शब्द सापडत नाही याचं दुःखसुद्धा त्याच्याकडे उरलं की नाही, मला कळेना. मी रात्रंदिवस एकच गोष्ट जाणून घ्यायला धडपडत होते: आत तो आहे का? बोलू नको बाबा, पण तुला अजून एक गोष्ट दुसरीपेक्षा जास्त आवडते का, एवढं मला कळू दे.

दुपारपुरती एक मावशी ठेवली. दिव्याहून लोकलने यायची. तिच्याकडे पाण्याचा ठणठणाट, त्यामुळे सकाळचं पाणी भरल्याशिवाय तिला निघता येत नसे, आणि उशिरा आली की मी कावायचे. ती शांतपणे म्हणायची, "ताई, पाणी सोडलं नाय तर मी काय करू, सांगा." मग पदर खोचून त्याला उठवायची, पुसायची, भरवायची. आठवड्यातून दोनदा वाचेचे व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. सोफ्यावर त्याच्या शेजारी बसून चित्रांची कार्डं दाखवायची, सफरचंद, कंगवा, कप. तो म्हणायचा तेच. ती मला म्हणाली, "मॅडम, त्यांना नुसतं भरवू नका. चॉइस द्या. दोन गोष्टी समोर ठेवा आणि त्यांना बोट दाखवू द्या. निवड करता येणं म्हणजे मोठी प्रगती."

त्याच दिवसांत मला जेवणात एक गोष्ट दिसली. डाव्या हाताने तो स्वतः जेवायचा प्रयत्न करू लागला होता. मी पहिल्यापासून ताट रीतसर वाढते. डावीकडे मीठ, लिंबू, लोणचं, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. तो डावी बाजू चाटूनपुसून साफ करायचा. लोणच्याची फोड चोखायचा, चटणी संपवायचा. भाजीला हात लावायचा नाही. त्याची आवडती भरली वांगी केली, तीही तशीच. मुलगी माजिवड्याला राहते, ती रविवारी आली आणि म्हणाली, "आई, बाबांना आंबट-तिखटच हवंय गं. त्यांची चव शिल्लक आहे."

त्यांची चव शिल्लक आहे. हे वाक्य मी आठवडाभर मनात घोळवलं. बरोबरच होतं ते. गुळचट भाजी टाकून लोणचं उचलणारा माणूस म्हणजे माझाच नवरा. त्याला कायम उग्र आवडायचं. गोडसर, मधाळ व्हिस्की त्याला दिली की तो म्हणायचा, "ही जावयाला ठेव." म्हणजे जीभ जागी होती. नाक जागं असणार. मी किती महिन्यांनी त्या दिवशी गाणं गुणगुणत पोळ्या लाटल्या, मावशीने मान वळवून बघितलं.

डॉक्टरांनी दारू पूर्ण बंद केली होती, पण वासाला कसली बंदी? रविवारी मी शोकेस उघडलं. एका ग्लासात ती बेटावरची, बोंबलाची. दुसऱ्यात मधाळ, जावयाची. थेंब थेंबच. त्याला खुर्चीत बसवून टेबलाशी आणलं, दोन्ही हातांत एकेक ग्लास घेऊन त्याच्यासमोर ठेवले आणि विचारलं, "कुठली?"

त्याने डावा हात उचलला. तो डावीकडच्या ग्लासावर गेला. बोंबलाची. त्याने तो नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि तोंडाचा जो अर्धा भाग हलतो तो हसला.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. लाज वाटावी इतकी रडले. मग मुलीला फोन केला, तीही रडली. व्यायामाच्या मुलीला सांगितलं, ती म्हणाली, "वॉव मॅडम, हे फार छान आहे." पुढचा आठवडा मी माणसांत होते. समोरच्या शेजाऱ्यांशी आपणहून बोलले. नात्यातल्या त्या बाईंचा फोन आला तर तोही घेतला. मनात म्हटलं, बोला काय बोलायचं ते, माझा माणूस आत जागा आहे, त्याला अजून बोंबील आणि मध यांतला फरक कळतो.

पुढच्या रविवारी मुलगी मोबाइल धरून उभी होती. त्याने पुन्हा बोंबलाचीच उचलली. मुलीने चित्रण सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. अंगठे आले, हात जोडलेले आले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघंच होतो. मी ग्लास भरले, हातात घेतले, आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबले. आपण जागा बदललेल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. शोकेसमध्ये बेटावरची बाटली ज्या बाजूला असते त्याच हाताने मी तो ग्लास धरते, आणि समोर जाऊन ठेवते तेव्हा तो त्याच्या डावीकडे येतो. दोन्ही वेळा तसाच आला होता. अकरावी-बारावीची पोरं अशी चूक करायची तेव्हा मी त्यांचं जर्नल परत करायचे.

मला बदलायच्या नव्हत्या. हे मी स्पष्ट सांगते. तिथे उभं राहून मी स्वतःशी भांडले. कशाला उकरून काढायचं? कोण विचारतंय तुला? चाललंय ते चालू दे. पण मग ते सुख खोटं की खरं हे कळल्याशिवाय मला ते भोगताही आलं नसतं, असली मी. इतकी वर्षं दर रविवारी हेच तर केलं होतं. त्याला बसवलं होतं या परीक्षेला, आणि तो कधी चुकला नव्हता. आजही चुकणार नाही असंच मला वाटत होतं.

मी हात बदलले. मधाळ त्याच्या डावीकडे, बोंबलाची उजवीकडे.

"कुठली?"

डावा हात उठला आणि डावीकडच्या ग्लासावर गेला. जावयाची. त्याने ती नाकाशी नेली. डोळे मिटले. तेच अर्धं हसू.

मी ग्लास काढून घेतले, पुन्हा बदलले. डावीकडचा. पुन्हा बदलले. डावीकडचा. शेवटी मी दोन्ही ग्लास त्याच्या उजव्या हाताशी ठेवले, अगदी जवळ, आणि विचारलं, "कुठली?" तो रिकाम्या टेबलाकडे बघत राहिला. त्याचा डावा हात टेबलक्लॉथवर हळूहळू चाचपत फिरला, काही लागलं नाही, तसा परत मांडीवर आला. त्याने त्रासिक चेहरा केला नाही की मला खुणेने विचारलं नाही. काही ठेवलेलंच नाही, असा बसला होता.

कुकर झाला होता. मी त्याचं ताट वाढलं आणि मग ते गरकन फिरवलं, भाजी डावीकडे, लोणचं उजवीकडे. त्याने भाजी चाटूनपुसून खाल्ली. लोणच्याची फोड तशीच राहिली.

हे मला आधी सांगितलेलं होतं. हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, उजव्या बाजूची नजर गेली आहे. मी ते ऐकलं आणि मला वाटलं उजवा डोळा अधू झाला. घरी आल्यावर त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी यंत्र लावून बघितलं आणि म्हणाले, डोळा उत्तम आहे, मोतीबिंदूसुद्धा नाही. मी म्हटलं चला, एवढं तरी वाचलं. डोळा वाचलाच होता. त्याच्यासाठी जगाची उजवी बाजूच राहिली नव्हती. दोन्ही डोळ्यांना. व्यायामाच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हो मॅडम, म्हणून तर मी नेहमी त्यांच्या लेफ्टला बसते. मला वाटलं तुम्हाला माहितीये." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "पण याचा अर्थ त्यांना कळत नाही असा नाही हां. फक्त आपल्याला तसं म्हणता येणार नाही." पोर हुशार आहे, तिच्यावर कशाला चिडायचं? मीही विद्यार्थ्यांना हेच शिकवत आले. प्रयोग फसला म्हणजे उलटं सिद्ध झालं असं नाही, काहीच सिद्ध झालं नाही. पण ते वर्गात उभं राहून सांगायला ठीक असतं.

त्या संध्याकाळी मी पलंगाकडे बघितलं. पलंग खोलीत जसा मावला तसा लावला होता, डावी बाजू भिंतीला. माझी खुर्ची उजवीकडे. इतके महिने मी तिथे बसून त्याच्याशी बोलत आले होते, दिवसभराचं सगळं, दुधाचा भाव, मुलीचं ऑफिस, लोकांचे टोमणे. आणि तो तोंड भिंतीकडे करून पडलेला असायचा. मला वाटायचं, लाजतो माझ्यासमोर असं पडायला. कधी वाटायचं, रागावलाय. एकदा मी वैतागून म्हटलंही होतं, "भिंत काय बोलते ती तरी सांग." मी तिथे नव्हतेच. माझा आवाज कुठून येतो, हे तो शोधत असेल की नाही, देव जाणे.

मुलीला आणि जावयाला बोलावून पलंग फिरवून घेतला. जागा बदलली हे तिला आवडलं, वारा चांगला येतो म्हणाली. ग्लासांचं मी तिला सांगितलं नाही. ती अजूनही दर रविवारी विचारते, "आज कुठली घेतली बाबांनी?" आणि मी म्हणते, "बोंबलाची." आता तो ग्लास मी बघूनच डावीकडे ठेवते.

बाटल्यांचं काय करायचं ते ठरत नाही. एका दुपारी मी एकटीने त्यांतली बेटावरची उघडली, दोन चमचे घेतली, पाण्याचा थेंब टाकला. वास आला. आयोडिनच. बोंबील मला कधी आलाच नव्हता, तो त्याच्या सांगण्यावरून मी मानला होता. समोर भांडायला कुणी नाही म्हटल्यावर आयोडिन नुसतं औषधासारखं लागलं. उरलेलं मी बेसिनमध्ये ओतलं आणि ग्लास धुऊन ठेवला.

आता माझी खुर्ची त्याच्या डावीकडे असते. मी बसले की तो माझ्याकडे बघतो. डोळे मिचकावतो, आणि तोंडाचा अर्धा भाग हसतो. मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणते, "बघ, तुला कसे ओळखतात ते." मी हो म्हणते. दुपारी मावशी त्याला भरवायला त्याच खुर्चीत बसते. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही.